रोग्याला काय सांगावें?

कर्करोगावर किरणांच्या साह्यानें जो उपचार करतात त्याला शास्त्रीय भाषेंत किरणोपचार असें नांव आहे. परंतु हें नांव रुग्णालयाच्या पाटीवरून खालीं उतरून लोकांच्या तोंडीं फारसें आलेलें नाहीं. लोक त्याला 'शेक' म्हणतात, 'लाइट' म्हणतात, क्वचित् 'करंट' म्हणतात. "त्यांना पंचवीस शेक सांगितले आहेत", "आमच्या बाबांचे लाइट उद्यां संपतात", अशीं वाक्यें रुग्णालयाच्या व्हरांड्यांत बसणाऱ्याच्या कानांवर सहज पडतात. भाषेच्या दृष्टीनें आम्हांस या शब्दांचें कौतुक वाटतें. अनोळखी वस्तूला घरांतल्या वस्तूचें नांव देऊन ती आपलीशी करून घेण्याची लोकांची जी जुनी हातोटी आहे, तिचाच हा नमुना आहे. पण थोडा विचार केला असतां असें दिसतें कीं, हे तिन्ही शब्द रोग्याच्या मनाची तयारी करतात आणि तिन्ही ती चुकीची करतात. शेक म्हटला कीं ऊब आली. ज्यानें लहानपणीं तापविलेल्या विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक घेतला आहे, तो त्या यंत्राखालीं निजून ऊब लागण्याची वाट पाहतो; ती लागली नाहीं म्हणजे यंत्र बिघडलें असावें, किंवा आपल्याला कमी दिलें असावें, असा तर्क करतो. लाइट म्हटला कीं झोत आला, आणि तो तर दिसत नाहीं. करंट हा शब्द ऐकून आलेला माणूस बिचारा पहिल्या दिवशीं मुठी आवळून निजतो. वस्तुतः हे किरण अंगावर पडत असतांना त्यांचा स्पर्श होत नाहीं, ऊब लागत नाहीं, झटका बसत नाहीं. घरघर ऐकूं येते ती यंत्राची, किरणांची नव्हे.

मग अशा रोग्याला काय सांगावें? प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा आहे, आणि वैद्यकानें त्याचीं उत्तरें छापील पत्रकांतून दिलींही आहेत. परंतु आमच्या मतें तो प्रथम घरांतल्या माणसांचा प्रश्न आहे, आणि मुळांत तो नीतीचा आहे. तो नीतीचा आहे हें आम्हांला पुस्तकांवरून कळलें असतें तर या लेखाचें कारण पडलें नसतें.

आमच्या निकट परिचयाच्या एका कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं ही गोष्ट घडली. घरांतल्या आजी मूळच्या सातारा जिल्ह्यांतल्या. वय सत्तरीच्या घरांत. लहानपणापासून मिशरी लावण्याची संवय. (जाळलेल्या तंबाखूची ही काळी पूड दांतांना चोळण्याची चाल आमच्या बायकांत किती खोल रुजली आहे, आणि तिला व्यसन न म्हणतां दांत घासणें म्हणून आपण किती पिढ्या स्वतःची फसवणूक करीत आलों, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) गालाच्या आंतल्या बाजूला एक चट्टा उठला, तो बरा होईना, तपासाअंतीं कर्करोग ठरला. मुलगे, सुना, सगळीं शिकलेलीं आणि समंजस माणसें. त्यांनीं एकत्र बसून पहिला निश्चय केला तो हा, कीं आईला कळूं द्यायचें नाहीं. शस्त्रक्रिया झाली ती 'गांठ काढण्यासाठीं'. पुढें डॉक्टरांनीं किरणोपचार सांगितला. दुखणाइताला एकूण साठ ग्रे इतकी किरणमात्रा द्यायची, ती तीस भागांत. आठवड्याचे पांच दिवस, म्हणजे सहा आठवडे. आजींना सांगण्यांत आलें, जखम लवकर भरून यावी म्हणून थोडा शेक द्यायचा आहे. आम्हांला हें सर्व ठाऊक होतें. आम्ही समाचाराला गेलों, आजींजवळ बसलों, शेकानें आराम पडेल म्हणालों, आणि चहा घेऊन परत आलों. या लेखांत पुढें जो दोष आम्ही दाखविणार आहों, त्यांत आमचा वांटा आहे हें येथेंच सांगून टाकणें बरें.

तोंडाच्या वा गळ्याच्या रोग्याचा किरणोपचार सुरू होण्यापूर्वीं एक दिवस मुखवट्याचा असतो. जाळीदार प्लास्टिकचा एक ताव गरम पाण्यांत बुडवितात. तो मऊ पडला कीं उताण्या निजलेल्या रोग्याच्या चेहऱ्यावर पसरून चोहोंकडून दाबतात. कांहीं मिनिटांत तो गार होऊन त्या चेहऱ्याच्या आकारानें कडक होतो. पुढें रोज हाच मुखवटा चढवून तो टेबलाला खटक्यांनीं अडकवायचा. हेतु असा, कीं डोकें तसूभरही हलूं नये. कारण किरण कोठें पडावेत याचा हिशेब मिलिमीटरांत केलेला असतो. जाळींतून वारा येतो, श्वास चालूं राहतो, इजा कांहीं होत नाहीं. पण हें सारें ज्याला आधीं ठाऊक आहे त्याचें. आजी शेक घ्यायला आल्या होत्या. त्यांचा चष्मा काढला, कानांतल्या कुड्या काढल्या, उताणें निजविलें, आणि चेहऱ्यावर कांहींतरी ओलें व गरम येऊन पडलें. मग तें आवळत गेलें. आपल्याकडे तोंडावरून कापड ओढतात तें कोणाच्या, हें त्या पिढीच्या बाईला सांगावें लागत नाहीं. त्यांनीं हातपाय झाडले, ताव वेडावांकडा झाला, त्या दिवशींचें काम राहिलें. घरीं आल्यावर त्यांनीं थोरल्या मुलाला एकच प्रश्न विचारला : "माझें तोंड बांधायचें होतें तर मला सांगितलें कां नाहींस?"

त्याला उत्तर देतां आलें नाहीं. तो म्हणाला, "आई, घाबरूं नकोस, कांहीं होत नाहीं." हेंच वाक्य तो गेला महिनाभर म्हणत होता.

दुसऱ्या खेपेला त्या विभागांतली एक तरुण तंत्रज्ञ मुलगी आजींना आधीं एकट्यांनाच यंत्राच्या खोलींत घेऊन गेली. तिनें एक जुना मुखवटा त्यांच्या हातांत दिला. आजींनीं त्याच्या भोंकांतून बोटें घालून पाहिलीं, तो स्वतःच्या तोंडासमोर धरून पाहिला. मग ती म्हणाली, "आजी, हें गरम लागेल, पण भाजणार नाहीं. भिजवलेला रुमाल ठेवल्यासारखें वाटेल, मग घट्ट होईल. डोळे मिटून घ्या. श्वास नेहमींसारखा चालतो. बोलतां येणार नाहीं. पण कांहीं वाटलें तर हात वर करा, मी यंत्र थांबवून आंत येईन. मी बाहेर असले तरी पडद्यावर तुम्हांला सारखी बघत असते. यंत्र तुमच्याभोंवतीं फिरेल, अंगाला लागणार नाहीं. खोली गार असते, हवी तर शाल घेऊं. रामरक्षा येते ना? एकदां मनांत म्हणून होते तोंवर आटोपतें." एवढें बोलायला तिला फार तर दहा मिनिटें लागलीं असतील. आजी निजल्या, आणि मुखवटा झाला.

या दहा मिनिटांत असें काय होतें, जें महिनाभराच्या प्रेमळ धीरांत नव्हतें? त्या मुलीचें बोलणें पुन्हां वाचून पाहावें. त्यांत सांत्वन जवळजवळ नाहींच. त्वचेला काय लागेल, कानाला काय ऐकूं येईल, किती वेळ, केव्हां संपेल, आणि मधें आपल्या हातांत काय आहे, एवढेंच त्यांत आहे. 'घाबरूं नका' हें वाक्य रोग्याच्या मनाला उद्देशून असतें, आणि मन तर आज्ञा ऐकत नाहीं. त्या मुलीचीं वाक्यें शरीराला उद्देशून होतीं. अमेरिकेंत जीन जॉन्सन नांवाच्या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक होऊन गेल्या. त्यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत कांहीं लोकांच्या दंडाला पट्टा आवळून वेदना उत्पन्न केली. ज्यांना ती वेदना कशी लागेल, काय काय जाणवेल, हें आधीं नीट सांगितलें होतें त्यांना ती तितकीच तीव्र लागली. पण तिचा जाच कमी झाला. वेदना तीच, जाच कमी. पुढें १९८८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किरणोपचार घेणाऱ्या पुरुष रोग्यांवर असेंच काम करून दाखविलें, कीं ज्यांना या उपचाराचा अनुभव ठोस शब्दांत आधीं सांगितला होता त्यांचे नित्याचे व्यवहार उपचारकाळांत व त्यानंतरही कमी विस्कटले. आम्हांला या निष्कर्षांत विशेष वाटतें तें असें, कीं येथें कोणी रोग्याला शूर बनविलें नाहीं, कीं त्याची श्रद्धा वाढविली नाहीं. त्याला फक्त माहीत करून दिलें.

आतां किरणोपचाराचेंच उदाहरण आम्ही कां घेतलें, तें सांगतों. इतर दुखण्यांत रोग्याच्या अज्ञानाची भरपाई सोबतीनें होऊं शकते. तापकऱ्याच्या उशाशीं आई बसलेली असते. बाळंतिणीजवळ सुईण असते. शस्त्रक्रियेंत कोणी जवळ नसतें, पण तेथें रोग्याला भूल दिलेली असते. किरणोपचाराच्या खोलींत रोगी जागा असतो आणि एकटा असतो. भिंती कॉंक्रीटच्या, हातहातभर नव्हे तर त्याहून जाड, दार जड, किरण सुरू होण्यापूर्वीं तंत्रज्ञांसह सर्वांनीं बाहेर जायचें. लहान मुलाची आईसुद्धां आंत थांबूं शकत नाहीं. आमची कुटुंबपद्धति मोठी उदार आहे. ती आजाऱ्याचा खर्च वांटून घेते, जागरण वांटून घेते, निर्णयही वांटून घेते, आणि म्हणून तिला असें वाटूं लागतें कीं आजाऱ्याच्या वतीनें आजाराचें ज्ञानही आपणच बाळगावें, त्याला त्याचा भार कशाला? पण तें दार लागतें तेव्हां हें सगळें ज्ञान कुटुंबाबरोबर बाहेर बाकावर बसून राहतें, आणि आंत जातो तो कांहींच ठाऊक नसलेला माणूस. आम्हीं त्या बाकावर एके दिवशीं बसून पाहिलें आहे. थोरल्या मुलाच्या खिशांत डॉक्टरांनीं दिलेलें पत्रक घडी करून ठेवलेलें होतें.

त्या पत्रकांत काय होतें तें आजींना तिसऱ्या आठवड्यांत कळलें, पण वाचून नव्हे. तोंडाच्या किरणोपचारांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आंतून सोलल्यासारखें होतें, लाळ आटते, चव जाते, गिळतांना दुखतें. हें उपचार चुकल्याचें लक्षण नव्हे. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर किरणांचा आघात अधिक होतो. तोंडाच्या आंतलें अस्तर हें अशाच झपाट्यानें नवें होणाऱ्या पेशींचें बनलेलें असतें. मुलांना तें ठाऊक होतें. आजींजवळ मात्र एकच सिद्धान्त होता, तो आम्हींच त्यांना दिलेला : जखम भरून येण्यासाठीं शेक. त्या सिद्धान्तावरून त्यांनीं अनुमान काढलें, आणि तें अगदीं तर्कशुद्ध होतें. शेकानें जखम भरायची ती चिघळत आहे. म्हणजे एक तर हा शेक बाधत आहे, नाहीं तर दुखणें हाताबाहेर गेलें आहे आणि हीं मुलें बोलत नाहींत. त्यांनीं दुखतें आहे हें लपविलें. सुनेनें दिलेली पेज त्या मोरींत ओतूं लागल्या. आणि एका सोमवारीं, 'मी आज येत नाहीं' म्हणून भिंतीकडे तोंड करून निजल्या. मंगळवारींही तसेंच झालें.

हे दोन दिवस किती महाग आहेत हें समजण्यासाठीं तीस दिवसांचें गणित समजलें पाहिजे, आणि तें कांहीं फार अवघड नाहीं. राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले आणि क्यूरी पतिपत्नींना १८९८ सालीं रेडियम सांपडलें. त्यानंतर थोडक्याच काळांत हे किरण गांठीवर टाकून पाहण्याची घाई सुरू झाली. थोड्या वेळांत मोठी मात्रा दिली तर गांठ जळे, पण भोंवतालचें निरोगी अंगही जळे. पॅरिस येथील रेडियम संस्थेंत क्लोद रगो यांनीं १९२० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून मात्रा विभागून देण्याचा गुण दाखविला, आणि त्यांच्याच संस्थेंतील आंरी कुतार यांनीं घशाच्या रोग्यांवर अनेक आठवडे थोडीथोडी मात्रा देण्याची पद्धति बसविली. निरोगी पेशी दोन मात्रांच्या मधल्या अवकाशांत आपली डागडुजी करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ती तितकीशी साधत नाहीं. म्हणजे रोज थोडें, हीच यांतली युक्ति. पण याच कारणास्तव मधें खाडे पडले तर उरलेल्या रोगपेशींना वाढायला उसंत मिळते, आणि तोंडा-गळ्याच्या कर्करोगांत असे खाडे उपचाराचें यश कमी करतात ही आतां वादाची गोष्ट राहिलेली नाहीं. ज्या आजींनीं चाळीस वर्षें घरांत विरजण लावलें त्यांना 'मधें खंड पडला तर बिघडतें' हें समजणें कठीण गेलें असतें काय? पण तीस कां, हें त्यांना सांगायचें तर कशाचे तीस, हेंही सांगावें लागलें असतें.

बुधवारीं मुलगा डॉक्टरांना भेटला, आणि डॉक्टरांनीं, त्यांचें भलें होवो, आजींना घेऊन या म्हणून निरोप न देतां दूरध्वनीवर त्यांच्याशींच बोलणें मागितलें. ते म्हणाले, "आजी, तोंड आलें आहे तें औषध चुकलें म्हणून नव्हे. तें येणारच होतें; तुम्हांला आधीं सांगायला हवें होतें. उपचार संपल्यावरही आठपंधरा दिवस असेंच राहील, मग उतरूं लागेल." पलीकडून थोडा वेळ कांहींच आवाज आला नाहीं. मग आजींनीं विचारलें, "कॅन्सरच आहे ना हा?" आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "दारावरची पाटी मला वाचतां येते रे. चौथीपर्यंत शिकलें आहें मी. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोललें नाहीं."

म्हणजे तीन महिने त्या घरांत दोन्ही बाजूंनीं एकमेकांना सांभाळण्याचें काम चाललें होतें, आणि त्या कामांत तीन महिने कोणी कोणाशीं बोललें नव्हतें.

येथें तत्त्वज्ञाची सांक्ष काढण्याचा मोह होतो. प्रेमापोटीं बोललेलें असत्यही असत्यच, असें कांटनें १७९७ सालच्या एका लहानशा निबंधांत बजावलें आहे. घराच्या दारांत उभा राहून मित्राचा ठावठिकाणा विचारणाऱ्या खुन्यालासुद्धां खोटें सांगूं नये, इथपर्यंत त्याची मजल गेली. आम्ही इतकें कठोर होऊं शकत नाहीं, आणि आमच्या वाचकांपैकीं कोणी होईल असें वाटत नाहीं. आम्हांला जवळचा वाटतो तो धर्मराज. द्रोणाचार्यांच्या कानीं त्यानें जें घातलें तें शब्दशः खोटें नव्हतें; पण त्याचा जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा रथ त्या क्षणीं खालीं टेकला, असें महाभारतकार सांगतात. 'गांठ', 'सूज', 'शेक', हे आमचे शब्दही शब्दशः खोटे नव्हते. आमच्या कुटुंबांतून आजाऱ्याच्या खाटेभोंवतीं जें बोललें जातें तें बहुतेक याच जातीचें असतें, आणि तें बोलणारा माणूस दुष्ट नसतो, हीच त्यांतली अडचण आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. कांहीं रोग्यांना जाणून घ्यायचें नसतें. किती दिवस उरले, रोग कितव्या पायरीवर आहे, बरें होण्याचा संभव शेंकडा किती, हे आंकडे ज्याच्या त्याच्या पचनीं पडत नाहींत. ते जबरदस्तीनें गळीं उतरविणें हें सत्यप्रेम नसून निष्ठुरपणा आहे. हें आम्हांला सर्वस्वीं मान्य आहे. परंतु या वादांत एक गोष्ट नेहमीं नजरेआड होते, कीं शेवट सांगणें आणि वाट सांगणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रवासाचा शेवट कोठें होणार हें विचारायचें कीं नाहीं, तें प्रवाशानें ठरवावें. पण पुढच्या वळणावर घाट आहे, तेथें गाडी हलेल, पोटांत ढवळेल, अर्ध्या तासानें पठार लागेल, हें त्याला न सांगण्याचें कारण कोणतें? शेवट कळूं नये म्हणून आपण वाटही लपवितों. रोगाचें नांव तोंडांतून निघूं नये या एका धास्तीनें मुखवटा, घरघर, आटलेली लाळ, सगळ्यावरच पांघरूण घालतों. आणि ज्या माणसाला शेवट ऐकायचा नव्हता त्याला वाटेवरचा प्रत्येक धोंडा हा शेवटच वाटूं लागतो. आजींनीं पुढेंही, किती वर्षें जगेन, असें डॉक्टरांना कधीं विचारलें नाहीं. भात केव्हां खातां येईल, हें मात्र दर भेटींत विचारलें.

कायद्यानें या बाबतींत आपलें म्हणणें मांडलें आहे. रोग्याला उपचाराचें स्वरूप, पर्याय व धोके पुरेसे समजावून त्याची स्वतःची संमति घेतली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं एका निकालांत सांगितलें. पण संमतिपत्रकावरची सही आणि मनाची तयारी यांत पुष्कळ अंतर आहे. आजींची सही त्या कागदावर होती. इंग्रजी कागद, बारीक टाइप, आणि मुलाचें बोट 'येथें कर' म्हणून ठेवलेलें.

जें घरचे सांगत नाहींत आणि डॉक्टरांना सांगायला वेळ मिळत नाहीं, तें रोगी कोठें तरी ऐकतोच. तें ठिकाण म्हणजे बाहेरचा बांक. परळला १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून खेड्यापाड्यांतून, परप्रांतांतूनही रोगी मुंबईस येत आहेत. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेंत अशा कितीतरी कुटुंबांचा महिनोन्महिने मुक्काम असतो. अशा ठिकाणीं एका चुलीपासून दुसऱ्या चुलीपर्यंत जें ज्ञान जातें त्याची थट्टा करणें आम्हांला जमणार नाहीं. रोज अनुभवलेल्या माणसाचें तें ज्ञान असतें. परंतु तें दुसऱ्याच्या शरीराचें ज्ञान असतें. कोणाला ओटीपोटाचा उपचार असतो, त्याला मूत्राशय भरून यायला सांगतात. कोणा बाईचा डावा स्तन असतो, तिला हृदय दूर राहावें म्हणून श्वास रोखून धरायला शिकवितात. स्तनाच्या कांहीं रोग्यांना तर सहा आठवडेही लागत नाहींत. इंग्लंडांतील एका मोठ्या चांचणीचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत निवडक रोग्यांना एका आठवड्यांत पांच मात्रा पुरेशा ठरल्या. मग बाकावर एकाचे पांच, दुसऱ्याचे तीस, असें निघालें म्हणजे तीसवाला आपलें आयुष्य संपलें असें समजतो. शिवाय अफवा असतात. आमच्या आजींच्या घरीं त्यांची सहा वर्षांची पणती त्यांच्याजवळ फिरकूं देत नसत, कारण कोणीतरी 'रेडिएशन' हा शब्द ऐकला होता, आणि या शब्दाला हिरोशिमा चिकटलेलें आहे. बाहेरून यंत्रानें दिलेल्या किरणांनीं रोग्याच्या अंगांत किरणोत्सर्ग राहत नाहीं. तो खोलींतून बाहेर येतो तो कोणाच्याही मांडीवर मूल द्यावें असाच. (रेडिओआयोडीन पोटांत देतात किंवा किरणोत्सर्गी कण शरीरांत ठेवून देतात, त्यांची गोष्ट निराळी, तेथें काय पाळायचें तें डॉक्टर सांगतात.) दीड महिना त्या मुलीला पणजीपासून दूर ठेवलें तें एका वाक्याच्या अभावीं.

रुग्णालयाच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. यंत्रापुढें रांग संपत नाहीं. एका रोग्याला दहा मिनिटें अधिक दिलीं तर तीं दुसऱ्या कोणाच्या तरी वांट्याचीं असतात. परंतु ज्या दिवशीं आजींनीं हातपाय झाडले त्या दिवशीं त्या टेबलावर किती वेळ फुकट गेला, आणि खाडे पडल्यावर वेळापत्रक पुन्हां जुळवितांना किती गेला, याचाही हिशेब कोणीतरी मांडावा. आम्हांला असें वाटतें कीं, त्या मुलीचीं तीं दहा मिनिटें काटकसरीच्या खात्यांत जमा होतील. पण तीं तशीं जमा झालीं नाहींत तरी आमचें मत बदलणार नाहीं.

बुधवारानंतर आजींनीं एकही दिवस चुकविला नाहीं. तोंड अधिकच सोललें, वजन उतरलें, एकदां नाकांतून नळी घालण्याची पाळी आली. रात्रीं त्या रडत, हेंही आम्हीं ऐकलें आहे; माहिती मिळाल्यानें दुखणें थांबतें असें कोणीं समजूं नये. फरक पडला तो एवढाच, कीं आतां त्या उघड रडत, आणि पेज मोरींत जात नव्हती. पांचव्या आठवड्यांत आम्ही पुन्हां त्या बाकावर होतों. शेजारीं विदर्भाकडची एक नवी बाई बसली होती, तिला मुखवट्यासाठीं आंत बोलाविणार होते. तिची सून तिला 'कांहीं नाहीं हो, फोटो काढतात' म्हणून सांगत होती. आजींनीं पदरानें तोंड टिपलें, आणि जड झालेल्या जिभेनें, थांबत थांबत, त्या बाईला सांगूं लागल्या : गरम लागतें, भाजत नाहीं, रुमाल ठेवल्यावाणी वाटतें, हात वर केला कीं पोरगी धांवत येते. सुनेला तें आवडलें नाहीं असें तिच्या चेहऱ्यावरून दिसलें. तेवढ्यांत आंतून आजींच्या डॉक्टरांनीं बोलाविलें. थोरला मुलगा संवयीप्रमाणें फाइल घेऊन पुढें झाला. आजींनीं त्याच्या हातांतून फाइल घेतली.

"तूं बस इथें," त्या म्हणाल्या, "मला विचारायचें आहे."